ताईत राहिले, त्यांतला मजकूर बदलला

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतल्या रोमन साम्राज्यावरच्या लेखात 'ख्रिस्ती धर्म आला आणि जादूटोणा मागे पडला' असे एक वाक्य आहे. मी वसईचा, श्रद्धेने ख्रिस्ती. वाक्य माझ्या धर्माचे कौतुक करणारे असले, तरी ते खरे नाही आणि त्या काळच्या साध्या भाविकांवर अन्याय करणारे आहे, म्हणून हे पत्र.

जादूचा आरोप आधी ख्रिस्ती लोकांवरच झाला होता. येशू इजिप्तमध्ये जादू शिकला आणि तिच्या जोरावर त्याने चमत्कार केले, असे दुसऱ्या शतकात सेल्सस या ग्रीक विचारवंताने लिहिले. त्याला ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने पुढच्या शतकात सविस्तर उत्तर दिले. म्हणजे आपली ती प्रार्थना आणि दुसऱ्याची ती जादू, असा हा वाद दोन्ही बाजूंनी चालू होता.

लोकांच्या घरात काय चालले होते? इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या प्राचीन नगराच्या उकिरड्यांत ग्रेनफेल आणि हंट या संशोधकांना पपायरसचे, म्हणजे त्या काळच्या लव्हाळ्याच्या कागदाचे, ढीग सापडले. त्यांत पाचव्या शतकाच्या सुमाराचा, योआनिया नावाच्या बाईसाठी लिहिलेला ताईत आहे. सुरुवातच अशी: 'दुष्ट आत्म्या, पळ! ख्रिस्त तुझा पाठलाग करतो आहे.' मग 'मेंढरांच्या तळ्याच्या देवा' अशी हाक. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात अडतीस वर्षे आजारी असलेला माणूस येशूने बरा केला, तेच हे तळे. पुढे त्याच शुभवर्तमानाचा आरंभ, 'प्रारंभी शब्द होता'. मग मागणे: हिचा ताप आणि हुडहुडी जाऊ दे, रोज येणारा, एक दिवसाआड येणारा, चौथ्या दिवशी उलटणारा, सगळा ताप. शेवटी पवित्र मरिया, देवदूत आणि संतांचा धावा. योआनियाची ओळख आहे ती आईच्या नावाने, अनास्तासियाची मुलगी म्हणून. जुन्या मंत्रांतही माणसाची ओळख अशीच आईच्या नावाने देत.

आता ही प्रार्थना की मंत्र? मला तर ती प्रार्थनाच वाटते. हिवतापाने थरथरणाऱ्या बाईसाठी कुणीतरी आपल्याला ठाऊक असलेली सगळी पवित्र नावे एका कागदावर गोळा केली.

धर्मगुरूंना हे मान्य नव्हते. चौथ्या शतकातल्या लाओदिकेयाच्या धर्मसभेने धर्मसेवकांना ताईत करण्याची बंदी घातली आणि ते घालणाऱ्यांना मंडळीबाहेर काढा असे सांगितले. धर्मसेवकच ताईत करत नसते, तर असा नियम कशाला लागला असता? संत जॉन क्रिसोस्टम तर त्याहून कठोर. ताईत देणारी म्हातारी ख्रिस्ती आहे, ती देवाचेच नाव घेते, हे लोकांचे म्हणणे त्यांनी धुडकावले. मूल आजारी असताना जी आई ताईत नाकारते तिला त्यांनी हुतात्म्याच्या बरोबरीने बसवले. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण ते प्रवचन वाचताना मला त्या मुलाच्या उशाशी बसलेली आईच दिसते. संत ऑगस्टीन काहीसे मवाळ. डोके दुखत असताना ताइताकडे धावण्याऐवजी कुणी शुभवर्तमान उशाशी ठेवले, तरी त्यांना समाधान वाटे.

लेखमाला अजून चालू आहे असे दिसते. पुढच्या भागात योआनियाच्या त्या कागदासाठी चार ओळींची जागा ठेवावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वसई