नकार द्या, पण कळवा

संपादक महाशय,

सध्या कॅम्पस आणि वॉक-इनचे दिवस आहेत. आयटीआय, डिप्लोमा, बी.ई. झालेली आमच्या परभणी-हिंगोलीकडची पोरं सकाळची मराठवाडा एक्सप्रेस धरून संभाजीनगर गाठतात, तिथून पुढे वाळूज नाहीतर शेंद्रा एमआयडीसी. परत येतात ती खुशीत. "सगळं आलं काका. साहेब खूश होते, कळवतो म्हणाले." पुढे कोणी काही कळवत नाही. महिनाभराने पोरगं स्वतःच फोन लावतं, तर एचआरच्या मॅडम 'प्रोसेस चालू आहे' म्हणतात. त्यानंतर फोन उचलतच नाहीत. मग घरात एकच घोळ: मुलाखत चांगली झाली होती, तर घेतलं का नाही?

वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या वाळूजच्या एका कारखान्यात मी टूलरूमला, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात, सुपरवायझर होतो. मुलाखती असल्या की टेक्निकल माणूस म्हणून मला बसवत, म्हणून टेबलाच्या त्या बाजूचं थोडं लिहितो.

माझी पद्धत साधी होती. लेथवर टर्न केलेला एक शाफ्ट (गोल दांडा), मायक्रोमीटर आणि ड्रॉइंग उमेदवारापुढे ठेवायचं आणि विचारायचं, पास की रिजेक्ट? बहुतेक जण मधोमध एक माप घेऊन मोकळे होत. जिंतूरकडच्या एका मुलाने मात्र आधी मायक्रोमीटरची तोंडं फडक्याने पुसली, शून्य जुळतंय का पाहिलं, मग शाफ्ट दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजला. "साहेब, टेपर आहे. टॉलरन्समध्ये बसतो, पण या टोकाला अगदी काठावर." म्हणजे जाडी सगळीकडे सारखी नाही, पण मापात जेवढा फरक चालतो त्यात बसते. मी शेऱ्यात 'घ्यावा' असं लिहिलं. घेतला नाही. तीच मशीन कंत्राटावर चालवणाऱ्या आमच्याच एका मुलाला ती जागा द्यायचं आधीच ठरलं होतं; तुलनेपुरती आणखी तीन-चार नावं फायलीला हवी होती, इतकंच. कंत्राटातला मुलगा कायम झाला यात मला काही गैर वाटलं नाही, हक्कच होता त्याचा. पण मग जिंतूरच्या पोराला बोलावलं कशाला? गाडीभाडं त्याचं, खाडाही त्याचाच.

दरवेळी असंच होतं असं नाही. कधी मुलाखती होऊन जातात आणि त्याच आठवड्यात गाड्या बनवणारी कंपनी शेड्यूल, म्हणजे आमच्या मालाची मागणी, कापते, मग भरतीच थांबते. कधी आयटीआयच्या जागेसाठी बी.ई. झालेला येतो, उत्तरं फटाफट देतो, तरीही त्याच्या नावावर फुली पडते: हा चार महिन्यांत पुण्याला पळणार. कधी दोघंही तोडीस तोड असतात आणि जागा एकच असते. यातल्या एकाही कारणाचा मुलाच्या उत्तरांशी संबंध नसतो. पण हे त्याला सांगणार कोण? तो बिचारा रात्र रात्र आठवत बसतो, कुठल्या प्रश्नाला अडखळलो होतो म्हणून.

त्याने आठवत बसणं एकवेळ चालेल, गाव गप्प बसत नाही. कारण कळलं नाही की कारणं तयार होतात. वशिला नव्हता, आडनाव पाहिलं, पैसे चारले नाहीत. मराठवाड्यात आधीच नोकरीवरून मनं किती नासली आहेत ते आपल्या दैनिकाच्या वाचकांना सांगायला नको. त्यात एखादा एजंट उगवतो, 'आतमध्ये सेटिंग आहे, अमुक इतके टाका' म्हणतो, आणि बाप सोयाबीनचे आलेले पैसे काढून देतो. कारखान्याने वेळेवर दोन ओळी कळवल्या असत्या तर या माणसाचं दुकान निम्मं तरी बसलं असतं. (खासगी संस्थांतल्या शिक्षकभरतीबद्दल मी मुद्दाम बोलत नाही. तिथला हिशेब निराळा, आणि तो शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.)

मुलाखतीवर लोकांचा विश्वास नाही हे सरकारलाही मान्य करावं लागलं. केंद्राने गट 'ब' अराजपत्रित आणि त्याखालच्या पदांच्या मुलाखती 1 जानेवारी 2016 पासून बंद केल्या. वरच्या पदांना त्या आहेत, पण गुणांची नोंद राहते. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत 2025 पैकी 275 गुण मुलाखतीचे असतात, आणि निवड झाली नाही तरी उमेदवाराला आपले गुण पाहता येतात. शिवाय मुलाखतीपर्यंत पोचून अंतिम यादीत न आलेल्यांची माहिती, त्यांची संमती असेल तर, 'प्रतिभा सेतू' पोर्टलवरून इतर नोकरी देणाऱ्यांना मिळते. सरकारी खात्यात माहिती अधिकार 2005 पासून आहे. खासगी कारखान्याला तो कायदा लागू नाही, त्यामुळे तिथे पोराने विचारायचं कुणाला?

कारखान्यातल्या मुलाखती बंद करा असं मी म्हणणार नाही. ज्याच्यासोबत शिफ्ट काढायची तो माणूस समोर बसवून पाहावाच लागतो. मायक्रोमीटर कसा धरतो हे लेखी पेपरात दिसत नाही. माझं म्हणणं फक्त कळवण्यापुरतं आहे. आमच्याच कारखान्यात सप्लायरचा लॉट परत पाठवायचा झाला तर त्यासोबत रिजेक्शनचा कागद जायचा, कुठल्या मापात काय चुकलं ते लिहून, खाली सही करून. विनाकारण लॉट परत केला असता तर सप्लायर दुसऱ्या दिवशी गेटवर येऊन भांडला असता. पोरगं भांडत नाही, म्हणून त्याला तेवढाही कागद नाही.

पंधरा दिवसांत मोबाइलवर एक मेसेज पुरे: निवड झाली नाही, जागा अंतर्गत भरली, किंवा भरती थांबवली, किंवा वेल्डिंगचा अनुभव कमी पडला. सविस्तर कारण लिहिलं तर कोणी कोर्टात जाईल अशी भीती एचआरवाल्यांना वाटते, ते मला माहीत आहे. मग कारण राहू द्या, निदान 'नाही' तरी कळवा, म्हणजे मुलगा दुसरीकडे हात-पाय मारायला मोकळा होतो. जागा आधीच ठरलेली असेल तर लांबच्या पोरांना बोलावूच नका. आणि जो चांगला होता पण जागेअभावी राहिला, त्याचं नाव त्याला विचारून शेजारच्या कारखान्याला द्यायला काय हरकत आहे? सुपरवायझर लोक एकमेकांना ओळखतात, हे फोनवर होण्यासारखं काम आहे. वाळूज, शेंद्रा आणि जालन्याच्या उद्योजक संघटनांनी मनावर घेतलं तर याच हंगामात सुरू होईल. त्याला कुठला जीआर निघायची वाट पाहावी लागत नाही.

आपला,
एक निवृत्त टूलरूम सुपरवायझर,
सेलू (जि. परभणी)