वेधशाळेला हसण्याआधी जरा हे पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरच्या करिअर पुरवणीत परवा हवामान क्षेत्रातल्या संधी म्हणून अर्धं पान आलं होतं. फोटो छत्रीचा. मजकूर असा की बारावीला फिजिक्स मॅथ्स घ्या, मग एमएससी करा, मग पीएचडी करा, की झालात तुम्ही हवामानशास्त्रज्ञ, आणि खाली पगाराचा चौकोन. माझी मुलगी क्लायमेट डायनॅमिक्समध्ये पीएचडी करून सध्या जर्मनीत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, करतीये त्यामुळे मला काही राहवलं नाही. माझं आयुष्य बँकेत गेलं, यातलं ओ का ठो कळत नव्हतं मला, पण इतकी वर्षं रात्रीच्या जेवणाला हेच ऐकत आलोय म्हणून लिहितो. पत्र मोठं वाटलं तर कात्री लावा, फक्त मधलं कापू नका.

आधी हे सांगतो की उद्या पाऊस पडेल का हे सांगणारी माणसं वेगळी. ते काम शिवाजीनगरच्या हवामान खात्याचं, ज्यावरून आपण पुणेकर 'वेधशाळेने पाऊस सांगितलाय, छत्री घरीच ठेव' असले विनोद पिढ्यानपिढ्या करतोय. क्लायमेट डायनॅमिक्सवाल्यांचा प्रश्न असतो की जूनमध्ये धो धो आलेला पाऊस जुलैत पंधरा दिवस गायब का होतो, तिकडे पेरूच्या किनाऱ्याजवळ समुद्र तापला की आपल्या बीड-लातूरच्या पेरण्या का अडतात, आणि काही वर्षी समुद्र तापूनही इकडे काहीच का बिघडत नाही. 1997 चंच घ्या, एल निनो, म्हणजे तो पेरूकडचा समुद्र तापणं, एवढा जबरदस्त होता की दुष्काळ पडणारच असं धरून चालले होते आणि देशात पाऊस पडला सरासरीच्या 102 टक्के. पुढे 2002 ला एल निनो त्यामानाने मध्यम, कोणी फार मनावर घेतलं नव्हतं, आणि पाऊस 81 टक्क्यांवर अडकला, त्या जुलैत तर जवळजवळ निम्माच पडला. म्हणजे पॅसिफिक सोडून अजून कोणीतरी दोरी ओढतंय. ते कोण, तर आपलाच हिंदी महासागर. विषुववृत्तावर त्याच्या पश्चिम भागात ढग जास्त उठतायत की पूर्वेला सुमात्राकडे, यावरही आपल्या पावसाचं गणित हलतं. पश्चिमेला उठले तर आपल्याला बरं. हे सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मांडलं, मुलीच्या तोंडी त्याचं नाव इक्विनू, मला आधी कुठल्या तरी कार्टूनचं वाटलं होतं.

सुलोचनाबाई आपल्या पुण्याच्या. जन्म 1944 चा, फर्ग्युसन, पुणे विद्यापीठ, मग हार्वर्ड. जुलै 2025 मध्ये त्या गेल्या तेव्हा सगळीकडे बातम्या आल्या, मान्सून समजावून सांगणाऱ्या शास्त्रज्ञ वगैरे, पण मला त्यांचा करिअरचा रस्ता जास्त इंटरेस्टिंग वाटतो आणि तो फारसा कोणी लिहीत नाही. हार्वर्डला पीएचडी 1970 ची, अप्लाइड मॅथ्समध्ये, आणि विषय काय तर अटलांटिकमधला गल्फ स्ट्रीम हा समुद्रप्रवाह कशी वळणं घेत जातो. मान्सूनचा संबंधच नाही! मग एमआयटीत ज्यूल चार्नी यांच्याकडे, म्हणजे या विषयातल्या अगदी बापमाणसाकडे, आणि 1971 ला थेट भारतात परत. पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, जिला सगळे आयआयटीएम म्हणतात, ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वायत्त झाली होती. तिथे त्या कशावर होत्या माहितीये का, तर सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या पूल ऑफिसर म्हणून. म्हणजे परदेशातून आलेल्या शास्त्रज्ञांना कायम नोकरी मिळेपर्यंत तात्पुरतं सामावून घेणारी जी योजना होती तिच्यावर! हार्वर्ड-एमआयटी करून आलेली बाई, गावात विषयाची अख्खी संस्था, आणि हातात काय तर टेंपररी ऑर्डर. 1973 ला त्या बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या आणि पुढचं सगळं नाव तिथलं.

पण पुण्यातली ती दोन वर्षं वाया गेली नाहीत, कारण इथे त्यांना डी. आर. सिक्का भेटले. सिक्का हवामान खात्यात मुरलेले, रोजचे नकाशे वाचून वाचून ढगांची नस ओळखणारे, आणि सुलोचनाबाई गणितातून आलेल्या. दोघांनी मिळून 1973 ते 77 ची उपग्रहाची रोजची चित्रं घेतली, एप्रिल ते ऑक्टोबर, एकेक दिवस, आणि ढगांचा पट्टा कुठे आहे ते बघत बसले. त्यातून जे निघालं ते असं की पावसाळ्यात ढगांच्या पट्ट्याला दोन जागा आवडतात, एक आपल्या डोक्यावर आणि एक खाली विषुववृत्ताजवळ समुद्रावर. वरचा पट्टा विझत आला की खालचा हळूहळू उत्तरेला सरकत येतो आणि त्याची जागा घेतो, अशी कुमक आली नाही तर वरचा पट्टा महिनाभराच्या पुढे टिकत नाही. शाळेत आपल्याला शिकवलं की जमीन तापते, समुद्र थंड, म्हणून वारे येतात आणि पाऊस पडतो. त्यापेक्षा हे चित्र कितीतरी वेगळंय, आणि गंमत म्हणजे भूगोलाच्या तासाला अजून तेच जमीन-समुद्र चालू आहे. पेपर छापून आला 1980 मध्ये. त्या भारतात आल्या 1971 ला आणि ज्या कामासाठी जग त्यांना ओळखतं ते छापलं गेलं नऊ वर्षांनी. तुमच्या पुरवणीतल्या चौकोनात ही नऊ वर्षं कुठे बसवायची सांगा.

सुलोचनाबाई परत येण्याच्या जरा आधी पुण्याच्या त्याच आयआयटीएममध्ये जगदीश शुक्ला नावाचा एक तरुण होता, उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातल्या वीज नसलेल्या खेड्यातून आलेला. तोही पुढे एमआयटीत चार्नींकडेच गेला. 1981 मध्ये चार्नी आणि शुक्लांनी सांगितलं की रोजचं हवामान दोन आठवड्यांच्या पुढे सांगता येत नसलं तरी उष्णकटिबंधात अख्ख्या मोसमाचा साधारण अंदाज बांधता येऊ शकतो कारण तिथल्या वातावरणाचा लगाम समुद्राच्या तापमानाच्या हातात असतो. आज एप्रिलमध्ये पावसाळा किती टक्के ते जाहीर होतं त्यामागे हा विचार पण आहे. शुक्ला अमेरिकेतच राहिले. मी नावं ठेवत नाही, माझी पोरगी पण तिकडेच आहे.

आता पुरवणीत नसलेला भाग. पीएचडीला प्रवेश म्हणजे नेट नाहीतर गेट ही देशपातळीवरची परीक्षा, मग इंटरव्ह्यू. मुलीला सुरुवातीला फेलोशिप 31 हजार होती, 2023 पासून ती ज्युनियरला 37 आणि सिनियरला 42 झाली, वर घरभाडं. ऐकायला बरी वाटते ना? पण ती दर महिन्याला येते असं कोणी सांगितलं. मध्ये एकदा महिनोन्महिने आलीच नाही, कुठल्या ऑफिसात फाइल अडकली ते लिहीत नाही, तिच्या ज्युनियर्सना त्रास नको. आमची पोरगी घरी राहत होती म्हणून निभावलं पण तिच्या मैत्रिणी सुतारवाडीत खोली घेऊन राहायच्या, एक जालन्याची एक केरळची, त्या घरी फोन करून सांगायच्या पैसे पाठवा. सव्वीस सत्तावीस वर्षांची मुलं, नेट पास झालेली, आणि घरमालकाला भाड्यासाठी गोड बोलायचं. लग्नाच्या स्थळांचं तर विचारूच नका, 'अजून शिकतेच का' या प्रश्नाला आमच्या हिने शेवटी उत्तर देणं सोडून दिलं.

आणि काम कसलं! मला वाटायचं फुगे सोडतात, गच्चीवर काहीतरी यंत्रं असतात. तसली माणसं पण पुण्यात होऊन गेली, अ‍ॅना मणींसारखी, 1948 ला इथे रुजू होऊन हवामानाची उपकरणं देशात बनवायला लावणारी, आणि त्या बाईंना एमएससी केलेलं नाही म्हणून पीएचडी नाकारली होती, संशोधन सगळं करून झालेलं असताना. असो. तर मुलीचं सगळं काम काळ्या स्क्रीनवर. वातावरणाची आणि समुद्राची समीकरणं घातलेलं मॉडेल असतं, ते सुपर कॉम्प्युटरवर चालतं, आणि तिथे नंबर लागतो. ती म्हणायची जॉब टाकलाय, क्यूमध्ये आहे. रात्री टाकायचा, सकाळी उठून चहाच्या आधी बघायचं की चालला का पडला. एकदा असंच मान्सून खंडाच्या दिवसांत बंगालच्या उपसागराचं तापमान थोडं वाढवून बघायचं होतं, रन पडला, परत टाकला, परत पडला, आठवडा गेला त्यात, आणि शेवटी सापडलं काय तर एका फाइलमध्ये तापमान सेल्सियसमध्ये आणि मॉडेलला हवं केल्विनमध्ये! म्हणजे मॉडेलच्या दृष्टीने समुद्र शून्याखाली दोनशे चाळीस-पन्नासला गोठलेला. त्या रात्री घरात पावभाजी केली होती, तिने हसत हसत ते सांगितलं आणि मग हसता हसताच रडायला लागली कारण गाइडला रिपोर्ट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. असले आठवडे थिसिसमध्ये दिसत नाहीत. थिसिसमध्ये एक रंगीत नकाशा दिसतो, निळा-लाल, खाली दोन ओळी.

मग पेपर. तो लिहायचा, जर्नलला पाठवायचा, दोन-तीन परके लोक तो फाडतात, त्यातला एक हमखास म्हणतो की हे सगळं दुसऱ्या मॉडेलवर पण करून दाखवा. म्हणजे परत क्यू. वर्ष जातं एका पेपरचं. आणि पीएचडी संपल्यावर खरं घोडं अडतं, कारण शास्त्रज्ञाच्या कायम जागा निघतात कधीतरी आणि थोड्या, मधल्या काळात प्रोजेक्टवर कॉन्ट्रॅक्ट, ते संपलं की दुसरं, नाहीतर बाहेरचा पोस्टडॉक, हॅम्बुर्ग म्हणा, रेडिंग म्हणा, प्रिन्स्टन म्हणा. बहुतेकांना स्थिरस्थावर व्हायला पस्तिशी येते. तिच्या बरोबरची एक अतिशय हुशार मुलगी, मला तर आमच्या पोरीपेक्षा हुशार वाटायची, ती आता हिंजवडीत बँकेचं सॉफ्टवेअर टेस्ट करते. मॉडेल चालवणारा माणूस कोडिंगला पक्का असतो ना, आयटीवाले आनंदाने घेतात. त्या मुलीला दोष देणार नाही मी, तिच्या घरी आईचं डायलिसिस होतं, पण मान्सूनचं एक माणूस गेलं ते गेलं.

पाषाणला 2018 मध्ये प्रत्युष नावाचा सुपर कॉम्प्युटर आला, 2024 मध्ये अर्क आला, 11.77 पेटाफ्लॉप्सचा (हे त्याच्या वेगाचं माप), नोएडाचा धरून तो सगळा प्रकल्प 850 कोटींचा, मिशन मौसम या केंद्राच्या हवामान योजनेला 2000 कोटी जाहीर झाले. फार चांगलं झालं, मनापासून सांगतो, क्यू तरी कमी झाली असेल पोरांची. पण बँकेतला माणूस म्हणून विचारतो, मशीन दहाएक वर्षांत भंगारात जातं आणि ते चालवायला शिकलेला माणूस तीस वर्षं उपयोगी पडतो, मग त्या माणसाच्या पीएचडी ते पहिली कायम नोकरी या चार-पाच वर्षांवर त्यातले किती पैसे? हा प्रश्न कोणीतरी वार्ताहराने अधिकृतपणे विचारून उत्तर छापावं, मला कोण दारात उभं करणार.

कोणी म्हणेल एवढं करून अंदाज चुकतातच की. 2017 मध्ये बीड जिल्ह्यातले शेतकरी हवामान खात्याविरुद्ध पोलिसात गेले होते आणि त्यांचा राग मी चूक म्हणणार नाही, बियाणं मातीत गेल्यावर कोणाचंही डोकं फिरेल. पण सप्टेंबर 2019 ला आंबिल ओढा घरात शिरला, जुलै 2024 ला सिंहगड रोडला एकता नगरीत पाणी आलं, तेव्हा चॅनेलवर सगळे म्हणत होते हल्ली पाऊस असाच पडतो, धो धो नाहीतर काहीच नाही. हे 'हल्ली' कोणी मोजलं? बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं होतं की 1951 ते 2000 या काळात मध्य भारतात एकूण पाऊस फारसा बदलला नाही पण एका दिवसात 100 मिलिमीटरच्या वर पडणारे पाऊस वाढले आणि मध्यम पाऊस कमी झाले. म्हणजे आपल्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये पाणी येण्याच्या किती आधी. गोस्वामी पाषाणच्या संस्थेचे संचालकही होते. नंतर तिथल्याच रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी 2017 मध्ये सांगितलं की मध्य भारतात मोठ्या भागावर पसरणारे अतिवृष्टीचे प्रसंग 1950 पासून तिपटीने वाढलेत. ही माणसं एका दिवसाचा अंदाज देत नव्हती, आणि अंदाज देणाऱ्याने काय गृहीत धरायचं ते मात्र त्यांनीच ठरवून दिलं.

तसा या गावाचा आणि मान्सूनचा संबंध जुना, 1928 ला हवामान खात्याचं ऑफिस सिमल्याहून इथे आलं, रिक्षावाल्याला आपण 'सिमला ऑफिस' सांगतो ते त्यामुळेच. त्या खात्याचे आधीचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर 1904 ला त्या पदावर आले तेव्हा केंब्रिजचे गणितज्ञ होते, बूमरँग फेकण्याचा नाद, हवामानाशी संबंध नव्हता, आणि पावसाचे आकडे जुळवता जुळवता त्यांनी पॅसिफिकवरच्या हवेच्या दाबाचा झोका शोधला. मुलगी म्हणते आज वॉकरना पोस्टडॉक पण मिळाला नसता, विषय बदललाय म्हणून फॉर्मच बाद.

तर विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीला छत्रीचा फोटो नको. पाषाणला किंवा विद्यापीठाच्या वातावरण आणि अवकाश विज्ञान विभागात एक वार्ताहर पाठवा, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पीएचडीवाल्यांशी बोला, डायरेक्टरांशी नको, ते बोलतातच. त्यांना विचारा महिन्याला काय येतं, कधी येतं, रन किती वेळा पडतो आणि पुढच्या वर्षी कुठे असाल. जे सांगतील ते जसंच्या तसं छापा, बारावीच्या मुलांना नीट कळेल, ज्यांना यायचंय ती तरीही येतील. माझं नाव छापलं नाही तरी चालेल, मुलीचं तर नकोच, तिचा पेपर अजून रिव्ह्यूत आहे.

आपला,
एक वाचक, सूस रोड, पुणे