मुले, वृद्ध व असहाय व्यक्तींच्या संरक्षणाबाबत सूचना

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभू येशूच्या नावात सलाम.

संडे स्कूल किंवा घरभेटीच्या सेवेत असलेल्या सर्वांना पुन्हा आठवण : लहान मुलाबरोबर कोणीही एकट्याने बंद खोलीत बसू नये. दोन मोठी माणसे हवीत, दार उघडे हवे. हा नियम पाळकांनाही लागू आहे.

एखादे मूल अचानक वर्गाला यायला नको म्हणते, आईचा हात सोडत नाही. एखाद्या आजी त्यांचा मुलगा खोलीत आला की बोलता बोलता गप्प होतात. असे दिसले तर काणाडोळा करू नका. मूल बोलू लागले तर शांतपणे ऐका, खोदून विचारू नका आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, त्याच दिवशी संरक्षण समितीला कळवा. धोका तातडीचा असेल तर थेट पोलिसांकडे जा, आमच्या परवानगीसाठी थांबू नका.

मंडळीची बदनामी होईल म्हणून गप्प बसणे हे पाप आहे, असे मी स्पष्टच म्हणते. लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावे हे त्याच्या हिताचे, अशी भाषा प्रभू बोलला (मत्तय 18:6). क्षमेच्या नावाखाली पीडितावर समेट लादू नका.

नव्या स्वयंसेवकांनी सेवा सुरू करण्याआधी समितीला भेटावे.

— संरक्षण समितीच्या वतीने