भाताची आवणी (रोपांची लावणी) उरकेपर्यंत डिझेल जपून वापरा : रहिवाशांना आवाहन

कोपरखैरणे आणि घणसोलीतील सर्व सोसायट्यांच्या सभासदांना सस्नेह नमस्कार.

पंपांवर डिझेलच्या रांगा लागू लागल्या आहेत आणि काही ठिकाणी कॅनमध्ये डिझेल द्यायला नकार मिळतो आहे. मुरबाड-शहापूरकडच्या शेतकऱ्याचा सगळा हंगाम त्या कॅनवर असतो. भाताच्या खाचरात नांगरणी करणारे यंत्र, म्हणजे पॉवर टिलर, तिथून काढून पंपावर नेता येत नाही. मोटारसायकलला कॅन बांधूनच डिझेल आणावे लागते. मोठ्या गाड्यांच्या रांगेत कॅनवाल्याचा नंबर येईपर्यंत पंप कोरडा झालेला असतो.

भाताचे रोप एकवीस-पंचवीस दिवसांचे झाले की आवणी करावीच लागते. वाफ्यातच ते जून झाले तर फुटवे कमी येतात आणि मग कितीही खत टाका, उतारा घटतोच. चिखलणीला, म्हणजे आवणीआधी खाचरात चिखल करायला, पुरेसा पाऊस हवा, टिलर हवा आणि मागोमाग आवणीला माणसे हवीत. हे सगळे जुळलेल्या दिवशी डिझेल नसले, तर मजुरी देऊन माणसे बांधावर बसवावी लागतात. आपण फार तर ऑफिसला अर्धा तास उशिरा पोचू.

हिशोब करून बघा. इथून मुंबईला जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर आणि डिझेल गाडीचे ॲव्हरेज चौदाचे धरले, तर दिवसाला साडेतीन लिटर जाते. पॉवर टिलरला तासाला साधारण दीड-दोन लिटर लागते. म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या जा-येत दोन तासांची चिखलणी होते.

काही सभासद म्हणतील, आमची गाडी पेट्रोलवर चालते, आम्हाला का सांगता? पेट्रोल वाचवले म्हणून टिलरच्या टाकीत डिझेल पडत नाही, हे खरेच. म्हणून पहिली विनंती डिझेल गाड्यांच्या मालकांना आहे. पण सकाळी ठाणे-बेलापूर रोडवर एकेक माणूस बसलेल्या गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात एनएमएमटीची बस आणि तुर्भ्याच्या मार्केटला निघालेला भाजीचा ट्रकही इंजिन चालू ठेवून उभा असतो. तिथले डिझेल पेट्रोलवाल्यांमुळेही जळते.

तेव्हा आठवड्यातून किमान दोन दिवस गाडी पार्किंगमध्येच राहू द्या. ठाण्याला जाणाऱ्यांना ट्रान्सहार्बर लोकल आहे, तीही २००४ पासून. महापे-ऐरोलीच्या ज्या कंपन्यांच्या बसगाड्या इथूनच अर्ध्या रिकाम्या जातात, त्यांचे कर्मचारी शेजारून स्वतःची गाडी का नेतात, हे समितीला खरोखर कळलेले नाही. एकाच बाजूला जाणाऱ्यांनी एका गाडीतून जावे. मात्र खाजगी गाडीत भाडे घेऊ नये.

टाकी अर्धी असताना घाबरून फुल करू नका. घरात साठा तर मुळीच नको, तो धोक्याचा आहे. सोसायट्यांनी वीज गेल्यावर जनरेटर एक लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिव्यांपुरताच चालवावा. क्लबहाऊसचा एसी थांबू शकतो. आणि पावसाळी सहलीला माळशेजला जाणार असाल (जाणारच, आम्हाला माहीत आहे), तर डिझेल इकडेच भरून निघा. परतताना मुरबाडच्या आसपास टाकी भरू नका, तिथला साठा तिथल्या शेतकऱ्याला लागतो.

आपल्यापैकी कितीतरी घरे माथाडी कामगारांची, मूळची सातारा-जुन्नरकडची. भाऊ-पुतणे गावी पेरणीच्या घाईत आहेत. घणसोली-कोपरखैरणेच्या मूळ ग्रामस्थांची तर भातखाचरेच आजच्या सेक्टरांखाली गेली. चिखलणी म्हणजे काय, हे इथे कुणाला वेगळे सांगायला नको.

सोमवारपासून प्रत्येक सोसायटीच्या गेटवर नोंदवही असेल. आपण कुठे जाता, किती वाजता निघता आणि गाडीत किती जागा आहे, एवढेच लिहा. संध्याकाळी वही पाहून जोड्या लावायला प्रत्येक इमारतीतून दोन स्वयंसेवक हवे आहेत. निवृत्त मंडळींनी पुढे यावे, ही विशेष विनंती.

आपली,
सोसायट्यांची संयुक्त समिती