आधी रेघ, मग भिंत: मोजणीवाल्या काकाजींना आभाराचं खुलं पत्र

नागपूर

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

भूमी अभिलेख खात्यातून तुम्ही निवृत्त झालात, पण लेआउटमध्ये कंपाउंडचा वाद उभा राहिला की तीस मीटरचा टेप घेऊन अजूनही तुम्हीच सर्वांत आधी हजर असता. फी विचारली की चहा मागता. आभार तोंडी मानून चालणार नाहीत, कारण "तोंडाचं काही टिकत नाही, लिहून घ्या" हे तुमचंच वाक्य. म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी, की बाजूवाल्यानं हद्द ओलांडली म्हणून रात्रभर तळमळणाऱ्या कुणालाही ते सकाळी कामी यावं.

कुणी कितीही तावातावानं आला तरी तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: "कागद कोणता आहे?" नागपुरात या प्रश्नाला निदान तीन उत्तरं आहेत आणि पुढची वाट त्यावरच ठरते. महाल-इतवारीसारख्या जुन्या वस्तीत नगर भूमापनाची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असते, तिच्या मागे नकाशा असतो, त्यामुळे सरकारी मोजणी सरळ होते. मंजूर लेआउट असेल तर नागपूर सुधार प्रन्यासानं मंजूर केलेला अभिन्यास नकाशा, म्हणजे लेआउटचा आराखडा, हाच पाया. तिसरा प्रकार सर्वांत अवघड: शेताच्या खसऱ्यावर, म्हणजे सर्व्हे नंबरवर, पाडलेले प्लॉट. त्यातले बरेच 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाले, हाती आरएल (नियमितीकरणाचं पत्र) आहे, पण सातबारा अजून अख्ख्या खसऱ्याचाच. तिथे "माझ्या 42 नंबरच्या प्लॉटची हद्द कायम करून द्या" असा अर्ज केला की तो परत येतो. खात्याच्या नकाशात 42 नंबर नावाचं काही नसतंच. त्यात खात्याचा दोष नाही. आधी अभिन्यास नकाशाची प्रमाणित प्रत काढायची. सरळ अर्जानं मिळाली नाही तर माहिती अधिकारात, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.

मग एककं. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1089 चौरस फूट. आर म्हणजे 100 चौरस मीटर, सुमारे 1076 चौरस फूट. लोक दोन्ही एकच धरतात आणि गुंठ्यामागे 13 चौरस फुटांचा खोटा वाद उभा करतात.

पण सर्वांत जास्त ऋण आहे ते ओळ मोजायच्या सवयीचं. वाद दोन प्लॉटांचा असला तरी तुम्ही या रस्त्यापासून त्या रस्त्यापर्यंत अख्खी ओळ मोजता. तीस बाय पन्नासचे दहा प्लॉट, म्हणजे नकाशावर रुंदी 300 फूट. जागेवर भरते 298 फूट 6 इंच. पहिल्या नऊ जणांनी एका टोकापासून आपापले तीस फूट पुरते धरले, तर दहाव्याला साडेअठ्ठावीसच उरतात. तो नवव्याला अतिक्रमणवाला म्हणतो, आणि नववा आपल्या तीस फुटांत एक इंचही जास्त नसतो. ही खोट लेआउट पाडणाऱ्याची. इथे शेजाऱ्यावर दावा टाकणारा माणूस काही वर्षं आणि वकिलाची फी दोन्ही घालवून बसतो. मोजमाप रस्त्याच्या डांबरापासून सुरू करायचं नाही, हेही तुमचंच. डांबर दर थराला सरकतं. नकाशावरचा कायम बिंदू शोधायचा, तो सापडत नसेल तर ओळीची दोन्ही टोकं.

आणि भिंत मोजायची ती बुडाशी. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पायाची पाच फुटी भिंत दोन-तीन वर्षांत वरच्या बाजूला सहज दोन इंच झुकते. वरून टेप धरला की दोन इंच अतिक्रमण, खालून धरला की शून्य. उलटही होतं. वर नऊ इंची भिंत अगदी रेघेवर दिसते, पण खाली पायाची पायरी दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पसरलेली असते. तुमच्या पायाचा गड्डा खणताना ती निघते तेव्हा भांडण होतं. अख्खी भिंतच रेघेपलीकडे आली तर ते नऊ इंच फार नाही वाटत, पण पन्नास फूट लांबीवर ते साडेसदतीस चौरस फूट झाले.

सरकारी मोजणी करून घ्यायची तर "हद्द कायम" असं अर्जात स्पष्ट लिहायचं. अर्ज आता ई-मोजणीवर भरतात. फसगत एकाच रकान्यात होते: लगतधारकांची नावं आणि पत्ते. बाजूचा प्लॉट दोन वर्षांपूर्वी विकला गेला आणि तुम्ही जुन्या मालकाचं नाव टाकलं, तर नोटीस चुकीच्या माणसाला जाते. पुढे कोर्टात नवा मालक एवढंच म्हणतो, "मला कळवलंच नाही," आणि मोजणीचा दम निघून जातो. मोजणीच्या दिवशी शेजारी आला नाही तरी काम थांबत नाही, पण तो गैरहजर होता हे पंचनाम्यात लिहून घ्यायचं. हातात येते ती मोजणी नकाशाची "क" प्रत. ती मान्य नसेल तर निमताना, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, त्यावरही समाधान नसेल तर सुपर निमताना. एक गैरसमज मात्र तुम्ही शंभरदा दूर केला असेल: मोजणीवाला हद्द दाखवतो, ताबा देत नाही. खुणा ठोकल्या म्हणून भिंत हलत नाही.

इथेच लोक पहार उचलतात. काकाजी, तुम्ही जेवढ्या पहारी थांबवल्या तेवढे दावे वाचले आहेत. क प्रत हाती आहे, जमीन आपली आहे, मग स्वतःच पाडली तर काय बिघडलं? पुष्कळ बिघडतं. कुणी पाय रोवत असतानाच त्याला अडवणं वेगळं, आणि बस्तान बसल्यावर त्याला काढणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयानं 2003 च्या रामे गौडा निकालात हाच फरक सांगितला आहे: ताबा स्थिरावला असेल तर खऱ्या मालकालाही कायद्याच्याच वाटेनं जावं लागतं. तुम्ही भिंत पाडली की शेजारी स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावतो. त्या दाव्यात मालकी कुणाची हा प्रश्न कोर्ट बघतच नाही. ताबा होता का, संमतीवाचून काढला का, एवढंच. निकालावर अपीलही नाही. म्हणजे स्वतःच्या जागेवरच्या भिंतीसाठी आपण हरतो, वर नुकसान केल्याचा गुन्हा अंगावर येतो, आणि मालकीचा दावा नव्यानं लावावा लागतो. तेच कलम आपल्या बाजूनंही चालतं: शेजाऱ्यानं रातोरात तारेचं कुंपण सरकवलं तर सहा महिने मोजायला लागायचं. सातव्या महिन्यात ही सोपी वाट बंद होते, मग मालकी सिद्ध करत बारा वर्षांच्या मुदतीतला लांबचा दावा.

म्हणून वेळ. पायाची फक्की पडली त्या दिवशी लेखी हरकत द्यायची, स्लॅब पडल्यावर नव्हे. आधी साधं पत्र, मग वकिलाची नोटीस, आणि काम चालूच असेल तर सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात मनाई हुकमाचा अर्ज, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 खाली. तिथे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: सकृतदर्शनी आपली बाजू आहे, तूर्त हुकूम न दिल्यास आपली अडचण त्याच्यापेक्षा मोठी आहे, आणि नुकसान पैशात भरून येणार नाही. भिंत उभी राहून गेली की तिसरी गोष्ट लंगडी पडते. तेव्हा "बांधू नका" हा हुकूम मागण्यात अर्थ उरत नाही. ताबा मागावा लागतो आणि भिंत काढण्याचा आज्ञार्थी हुकूमही. नुसत्या मनाईचा दावा कुठे पुरतो आणि मालकी जाहीर करून कधी मागावी लागते, हे 2008 च्या अनाथुला सुधाकर निकालात उलगडून सांगितलं आहे. दावा लिहिणाऱ्या प्रत्येक ज्युनिअरनं तो एकदा नीट वाचावा. दाव्यासोबत आदेश 26 नियम 9 खाली कोर्ट कमिशनर मागायचा, म्हणजे मोजणी कोर्टाच्या देखरेखीत होते आणि "एकतर्फी मोजली" हे रडगाणं संपतं. उलट शेजारीच आधी कोर्टात जाऊन एकतर्फी स्थगिती आणेल अशी शंका असेल, तर त्याच संहितेच्या कलम 148 अ खाली कॅव्हेट, म्हणजे "मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका" असा आगाऊ अर्ज. ते नव्वद दिवस टिकतं. बरेच जण एकदा टाकून विसरतात.

पोस्टाबद्दल एक छोटी गोष्ट. "रजिस्टर ए.डी. करा" ही तुमची जुनी सूचना, 2025 मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात मिळवून टाकली, तेव्हा आता स्पीड पोस्टच, पोहोच घेऊन. सोबत ऑनलाइन ट्रॅकिंगचं पान छापून ठेवायचं.

फोटोंचंही बदललं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली मोबाइलमधल्या फोटोसोबत प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा जणू डिजिटल अंगठा, लिहावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे ढकललेली प्रत आकारानं दबते, तिची हॅश मूळ फोटोशी जुळत नाही. मूळ फोटो फोनमधून पुसायचा नाही, फोन बदलला तरी जुना फोन भंगारात द्यायचा नाही. फोटोत टेप, हद्दीचा दगड आणि मागे कायमची काही खूण, विजेचा खांब किंवा विहीर, एकत्र आली पाहिजे. नुसत्या विटांचा फोटो कुठलाही असू शकतो.

पोलिसांकडे जाणाऱ्यांना तुम्ही देत आलात तो सल्ला आम्ही अर्जाच्या भाषेत उतरवला आहे. "माझी जागा हडपली" असं लिहिलं की ठाण्यात "दिवाणी मामला" म्हणून बोळवण होते, आणि नऊ इंचाच्या वादात ती चूकही नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 मधला अतिक्रमणाचा गुन्हा नुसतं पाऊल टाकल्यानं होत नाही. गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. तेव्हा कृती लिहायची: अमुक तारखेला, रात्री अमुक वाजता, कुलूप तोडलं, अकरा लोखंडी अँगल उपटले, विरोध केल्यावर अमुक शब्दांत धमकी दिली. मोडतोडीसाठी कलम 324, आणि तिथे नुकसानीच्या रकमेवर शिक्षा ठरते, म्हणून अँगल, तार आणि मजुरीची बिलं जोडायची. घटना घडत असेल तर 112. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का. गुन्हा नोंदवला नाही तर वरिष्ठांकडे लेखी, त्यानंतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175(3) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

महापालिका आणि प्रन्यास यांच्याकडे हद्दीचं भांडण नेऊन उपयोग नाही. मालकी ठरवणं त्यांचं काम नाही. पण बाजूवाल्यानं परवानगीवाचून बांधलं, किंवा मंजूर नकाशातलं बाजूचं मोकळं अंतर खाऊन टाकलं, तर ते त्यांचंच काम. तक्रार तेवढ्याच शब्दांत.

बारा वर्षांची भीती तुम्ही कमी केलीत आणि वाढवलीतही. नुसतं वापरलं म्हणून जागा कुणाची होत नाही. मालकाला विरोध म्हणून, उघडपणे, सलग बारा वर्षं ताबा लागतो. पण तो सिद्ध झाला तर मुदत कायद्याच्या कलम 27 नं मूळ मालकाचा हक्कच संपतो, आणि 2019 पासून असा ताबेदार स्वतः दावाही लावू शकतो. याला उतारा एका कागदाचा. शेजाऱ्यानं घर बांधताना रेती-गिट्टी टाकायला तुमचा रिकामा प्लॉट मागितला तर खुशाल द्या, पण "आपल्या परवानगीनं, अमुक महिन्यापर्यंत" एवढं त्याच्याच सहीनं लिहून घ्या. परवानगीनं आलेला माणूस विरोधी ताबा सांगू शकत नाही. पुण्यात किंवा परदेशात राहणाऱ्या प्लॉटधारकांसाठी हा कागद कुंपणाच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतो.

खिडक्यांचा प्रश्नही याच्याच शेजारचा. 1882 चा सुविधाधिकार कायदा पहिल्यापासून लागू झाला तो मद्रास, कुर्ग आणि आपल्या मध्य प्रांतात. मुंबईकरांना तो नंतर मिळाला. वीस वर्षं निर्वेध उजेड-हवा घेतली की खिडकीवाल्याचा हक्क तयार होतो. हद्दीवर खिडकी उघडली तर एकोणिसाव्या वर्षी जागं होऊ नये. शेजारच्या झाडाची फांदी आपल्याकडे आली तर मात्र कुऱ्हाड काढायच्या आधी उद्यान विभागाची परवानगी; 1975 चा वृक्ष कायदा फांदी कुणाच्या हद्दीत आहे हे विचारत नाही.

समझोता होत असेल तर उत्तमच, पण पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून "तू नऊ इंच ठेव, मी सोडले" असं लिहिण्यानं जागा हस्तांतरित होत नाही. त्याला नोंदणीकृत दस्त लागतो. दावा चालू असेल तर लोकअदालतीत तडजोड नोंदवावी. तिला हुकुमनाम्याचं बळ असतं, अपील नसतं, भरलेली कोर्ट फी परत मिळते. आणि लेआउटमधल्या एकट्या राहणाऱ्या मावश्यांना हे नक्की सांगत चला, काकाजी: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील स्त्रियांना मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता.

या पत्राच्या दोन प्रती सोबत आहेत. एक तुमची. दुसरीवर "पोहोचली" असं लिहून, सही करून, तारीख घालून मुलाच्या हाती परत द्यावी.

तुमचेच,
लेआउटच्या प्लॉटधारक समितीतले वकील आणि सिव्हिल इंजिनिअर