भिंत उरली म्हणून खिडकी सापडली

मा. केंद्रीय संस्कृती मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी राजापूरकडचा. गेली तीस वर्षं जांभ्या चिऱ्याची घरं बांधतो. गेल्या ऑगस्टमध्ये घरच्यांसोबत जुन्या गोव्याला गेलो होतो. मंडळी बॉम जेझूस चर्चमध्ये रमली आणि मी छत्री घेऊन टेकडी चढलो, सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठाकडे. तिथे तासभर भिंती बघत उभा राहिलो. त्या भिंतींसाठी हे पत्र.

ऑगस्टिनियन साधू 1572 साली गोव्यात आले. 1602 मध्ये त्यांचं हे चर्च पुरं झालं. मनोऱ्याची उंची 46 मीटर, आणि काम सगळं चिऱ्याचं. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांना बाहेर काढलं आणि मठ ओस पडला. 1842 साली चर्चचं कमानदार छत कोसळलं. मधे फक्त सात पावसाळे गेले होते. वर चढून फट बुजवणारं कोणी नसलं की कोकणात एवढे पावसाळे पुरतात. 1931 साली दर्शनी भिंत आणि अर्धा मनोराही पडला. मनोऱ्यातली मोठी घंटा मात्र वाचली. पणजीच्या पांढऱ्या जिन्यांच्या चर्चमध्ये 1871 पासून वाजते ती हीच.

या ढिगाऱ्यात जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी होत्या. धर्म सोडायला ती तयार झाली नाही, म्हणून 1624 मध्ये इराणात शिराझ इथे शाह अब्बासच्या हुकमाने तिला हाल करून मारलं. तिथल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी लपवून ठेवल्या आणि त्यांतला काही भाग 1627 मध्ये गोव्याला आणला. पोर्तुगीज कागदांत जागा लिहिलेली होती: मठाच्या सभागृहाला लागून असलेलं प्रार्थनास्थळ, तिथली दुसरी खिडकी, तिथे दगडी पेटी. जॉर्जियाहून माणसं येत होती, आपलं पुरातत्त्व खातं खणत होतं, आणि ती खिडकी कुठली हे वर्षानुवर्षं कळत नव्हतं. अखेर ढिगारा उपसून भिंतींच्या रेषा मोकळ्या झाल्या, कागदातली खोली जमिनीवर ओळखू आली आणि 2004 च्या सुमारास हाताचं हाड हाती लागलं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेने त्याचा डीएनए तपासला. सापडलेला मातृवंशाचा प्रकार भारतातल्या 22 हजारांहून जास्त नमुन्यांत कुठेच नव्हता, आणि जॉर्जियाच्या 30 नमुन्यांपैकी दोघांत निघाला. जुलै 2021 मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्या अस्थींचा एक भाग तिबिलिसीत जाऊन जॉर्जियाच्या स्वाधीन केला. चारशे वर्षांनी लेक माहेरी पोचली. ही बातमी वाचताना माझे डोळे भरून आले होते.

मंत्रिमहोदय, हा शोध लागला कारण भिंतीचा पाया आणि खिडकीची जागा जागेवर होती. भिंत विरघळली असती तर त्या कागदाचा काही उपयोग नव्हता.

आणि चिरा विरघळतो. खाणीतून काढला की मऊ असतो, वारा लागला की कडक होतो, हे खरं. म्हणूनच चांगल्या चिऱ्याची घरं आम्ही गिलावा न करता नुसत्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरूनही सोडतो. पण त्या घरांना वर कौलं असतात आणि हातभर वळचण असते. छप्पर गेलेल्या भिंतीत पाणी डोक्यावरून शिरतं, सांध्यातला चुना धुऊन नेतं, मग चिऱ्याचे पोटातले मऊ भाग झडतात आणि भोकं पडत जातात. त्या दिवशी एका भिंतीच्या सांध्यात मी करंगळी घातली, ती पेरभर आत गेली. बाहेर काढली तर बोटाला तांबडा ओला चिखल. शेजारच्या सांध्यात नेचा उगवलेला. खाली निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरशीचा एक तुकडा भिंतीला धरून होता, त्याच्यामागूनही पाणी झिरपत होतं.

खात्याने तिथे काम केलं नाही असं मी म्हणत नाही. एवढा ढिगारा उपसून चर्चचा आराखडा उभा करणं हे मोठं काम आहे आणि ते करणाऱ्या मजुरांना माझा नमस्कार. पण मातीखाली असेपर्यंत त्या भिंतींना मातीचं पांघरूण होतं. उकरून काढल्यावर ते पांघरूण आपण काढून घेतलं. आता आपण दुसरं द्यायला हवं.

दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, प्रत्येक उघड्या भिंतीचं डोकं तपासून घ्यावं. जिथे फट असेल तिथे चुन्याचा कोबा, बाहेर उतार देऊन. सिमेंट नको, सिमेंट पाणी आत कोंडतं आणि चिरा आतून कुजतो. सांध्यांतली झाडं मुळासकट काढावीत. खालच्या, नाजूक भागांवर पावसाळ्याचे चार महिने हलकं छप्पर घालावं. आमच्याकडे मातीच्या भिंतीला माडाच्या पात्यांचे विणलेले झाप बांधतात तसं. चुना मळणारे, घोटणारे गवंडी कोकणात आणि गोव्यात अजून आहेत, पण त्यांतले बरेच साठीपलीकडे आहेत. त्यांच्या हाताखाली तरुण पोरं देऊन हे काम करवून घ्यावं.

आणि त्या दुसऱ्या खिडकीपाशी केतेवानची हकिगत कोकणीत आणि मराठीत नीट लिहून लावावी. माझ्यासोबत भिजत उभ्या असलेल्या सांगलीच्या एका कुटुंबाला ती मीच सांगितली. त्यांची मुलगी पुन्हा पुन्हा विचारत होती, पेटी नक्की कुठे होती.

मे महिन्यात मजूर कमी पडले तर मला कळवा, मी माझी माणसं घेऊन येईन.

आपला विश्वासू,
राजापूर तालुक्यातला एक गवंडी