शनिवारच्या सिनेमाबद्दल, मल्हारला

चि. मल्हार यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हाच ठरवलं, आता लिहूनच सांगायचं. फोनवर तू एक बोललास की मी त्यावर तीन बोलते, आणि तेवढ्यात बाबा 'मल्हार आहे का?' करत रिसीव्हर मागायला येतात. शनिवारी वस्तीतल्या तुझ्या अभ्यासिकेच्या पोरांना 'बॉइज एन द हूड' दाखवणार आहेस, तो रद्द कर असं या पत्रात कुठेही नाही. हवं तर आधी शेवटपर्यंत चाळून खात्री करून घे.

'आई, तू अगदी त्या १९९१ च्या थिएटरवाल्यांसारखी बोलतेस,' असं म्हणालास. लागलं ते. तर आधी त्या थिएटरवाल्यांचंच बघू. 'बॉइज एन द हूड' अमेरिकेत १२ जुलै १९९१ ला लागला, ८०० हून जास्त पडद्यांवर. त्या आठवड्याअखेरीस वीसेक ठिकाणी मारामाऱ्या आणि गोळीबार झाले, शिकागोजवळच्या एका ड्राइव्ह-इनमध्ये, म्हणजे गाडीत बसून बघायच्या थिएटरात, माणूस गेला. काही मालकांनी घाबरून सिनेमा उतरवला. पण बाकीच्यांनी चालू ठेवला. सिनेमाची कंपनी जादा पहाऱ्याचे पैसे द्यायला तयार होती, त्यांनी पहारा लावला आणि खेळ केले. तेही थिएटरवालेच की रे! मला बसवायचंच असेल तर त्यांच्या रांगेत बसव.

त्याचा दिग्दर्शक जॉन सिंगलटन तेव्हा २३ वर्षांचा होता, तुझ्यापेक्षा एकाने लहान. लॉस एंजेलिसच्या ज्या भागात वाढला त्याच भागाचा सिनेमा त्याने केला. लोक त्याच्यावर धावून आले तेव्हा त्याचं म्हणणं एवढंच होतं, की ही परिस्थिती काही माझ्या सिनेमाने तयार केलेली नाही. बरोबरच होतं. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला तिथल्या पोलिसांनी बडवल्याची चित्रफीत त्याच वर्षीच्या मार्चमधली, आणि त्या पोलिसांना कोर्टाने सोडलं म्हणून शहर पेटलं ते १९९२ च्या एप्रिलमध्ये. सिनेमा या दोन्हींच्या मधे उभा आहे. ऑस्करला दिग्दर्शनाचं नामांकन मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय आणि तोवरचा सगळ्यात तरुण. हे तू मुलांना सांगशीलच. पण सिनेमाच्या आधी नको, नंतर सांग. आधी सांगितलंस तर ती शाळेतल्यासारखी बसतील.

आता माझा मुद्दा. टोळ्यांच्या मारामारीवरच्या अशा सिनेमाला पडद्यासमोर सहसा काही होत नाही. जे व्हायचं ते दारात, पार्किंगमध्ये, खेळ सुटताना होतं, कारण एरवी एकमेकांना टाळणारे दोन गट तिथे समोरासमोर येतात. आणि खेळ सुटल्यावर सगळे गेले की हॉलची किल्ली कुणाच्या हातात असते? तुझ्या.

असो. वेळेचं बघ. सिनेमा ११२ मिनिटांचा आहे. तुझ्या मनात मैदानात दाखवायचं आहे, पण मे महिन्यात पुण्यात सात वाजून गेल्याशिवाय पडद्यावर काही दिसत नाही. साडेसातला सुरू केलास तर साडेनऊला संपेल, पाऊण तास चर्चा धरली तर सव्वादहा. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावाच लागतो. म्हणजे नेमकी चर्चाच कापली जाणार, आणि चर्चेशिवाय हा सिनेमा दाखवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा हॉलमध्ये दुपारी साडेतीनला लाव. साडेपाचला संपेल, चहा, साडेसहापर्यंत बोलणं, आणि किल्ली द्यायला जाशील तेव्हा बाहेर उजेड असेल. (हो, हिशेब तिथूनच उलटा मांडलाय.)

दुपारी लावायचं तर खिडक्या नीट बंद करायला हव्यात. वर्तमानपत्र चालत नाही, मेच्या उन्हात दोन थरांतूनही उजेड येतो. काळी ताडपत्री लाव आणि कडा टेपने चिकटव, कारण उजेड कडांतूनच शिरतो. तुझ्या प्रोजेक्टरला बारा फुटांवरून साधारण आठ फूट रुंद चित्र मिळेल. या सिनेमाच्या मापाने ते सव्वाचार फुटांच्या आसपास उंच येतं. मुलं सतरंजीवर बसणार, म्हणून चित्राची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर घे. नाहीतर पुढच्यांची डोकी नेमकी सबटायटलवर येतात, आणि मागची पोरं दहाव्या मिनिटाला गप्पा मारायला लागतात. मग आपल्याला वाटतं की पोरांना गोडी नाही. टेबल-फॅन पडद्याच्या दिशेने नकोत. कापड हललं की सगळं चित्र पोटात दुखल्यासारखं हलतं. खालच्या शिवणीत बांबू घातला की थांबतं.

पत्र्याखाली आवाज घुमतो आणि या सिनेमात तर पोलिसांचं हेलिकॉप्टर सतत डोक्यावर फिरत असतं. तो आवाज कमी करू नकोस. अर्ध्या तासात पोरांना तो ऐकू येईनासा होतो. 'हेलिकॉप्टर कुणाकुणाला ऐकू आलं?' हा प्रश्न चर्चेला ठेव, बघ काय होतं ते. घुमणं कमी करायला मागच्या भिंतीवर चादरी टांग, आणि स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्यांच्या कानाच्या जरा वर ठेव.

सबटायटल मराठीतच हवीत. इंग्रजी वाचता येत असलं तरी त्या वेगाने वाचता येत नाही. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत जास्तीत जास्त चाळीस अक्षरं. फाइल युनिकोडमध्ये जतन कर आणि शनिवारी जो लॅपटॉप लावणार त्याच्यावरच शुक्रवारी तपास. काही प्लेअरमध्ये जोडाक्षरं सुटी पडतात. एका जागी मात्र अजिबात चूक नको. सिनेमातल्या रिकीला, फुटबॉल खेळणाऱ्या पोराला, कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी परीक्षेत ७०० गुण लागतात, हे मध्यावर एकदा सांगितलं जातं. ते वाक्य ठसठशीत दिसू दे. पुढे रिकी गेल्यावर निकालाचं पाकीट उघडतं आणि आत ७१० असतात, तेव्हा आधीचा आकडा हुकलेल्याला तो नुसता कागद वाटतो.

आणि लेखी परवानगी घेतली आहेस ना? ओटीटीच्या घरगुती खात्यावर सार्वजनिक खेळ करता येत नाही. तिकडे अमेरिकेत या सिनेमाला सतराखालच्या मुलांना मोठ्या माणसाबरोबरच सोडायचे, आणि त्याला कारणं आहेत. आठवी-नववीतली आली तर गोड बोलून परत पाठव. दारावर बचत गटातल्या शिंदेकाकूंना बसव. तुझं ऐकणार नाहीत इतकं त्यांचं ऐकतील. खेळ संपल्यावरही त्यांना थांबायला सांग. त्या थांबतात, विचारून तर बघ.

प्रतिक्रियांचं सांगते, कारण खरी तयारी तिथे लागते.

सुरुवातीला लहान मुलं रुळांजवळ पडलेलं प्रेत बघायला जातात, तिथे हशा येईल. गप्प करू नकोस, भीतीच हसते ती. गल्लीत रिकीला गोळी लागते तेव्हा 'पळ, पळ' ओरडतील, मग सगळं शांत, आणि त्यानंतर जो राग येतो तो अख्ख्या हॉलला येतो. सिनेमा तो राग मुद्दाम तापवतो. मग सूड घ्यायला निघालेल्या गाडीत बसलेला रिकीचा मित्र ट्रे 'मला उतरू द्या' म्हणतो. इथे कुणीतरी 'फट्टू' म्हणणार, आणि चार जण हसणार. तो शब्द कुणी उच्चारला हे लक्षात ठेव, पण त्याच्याकडे बघू नकोस. पुढे रिकीचा भाऊ डोबॉय सूड घेतो तेव्हा शिट्ट्या पडतील, टाळ्याही पडतील. सिनेमा थांबवायचा नाही. भाषण द्यायचं नाही. तू थांबवलंस की टाळ्या वाजवणारा गुन्हेगार ठरतो, आणि मग चर्चेत तो तोंड उघडत नाही. नेमकं त्याचंच बोलणं आपल्याला हवं असतं.

खरी गोष्ट त्यानंतर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी डोबॉय येऊन ट्रेशी बोलतो, परत निघतो आणि हळूहळू दिसेनासा होतो. मग अक्षरं येतात, की दोन आठवड्यांनी त्याचाही खून झाला. घात होतो तो इथे. ती अक्षरं यायच्या आत कुणीतरी उत्साही माणूस ट्यूबलाइट लावतो. पोरं चपला शोधायला लागतात, आणि सूड घेऊन सुटलेला डोबॉय डोक्यात घेऊन घरी जातात. बटणापाशी एक माणूस उभा कर, त्याला दुसरं कामच देऊ नकोस. पडद्यावरची नावं सुरू झाल्याशिवाय लाइट नाही.

फोन सायलेंट नको, पिशवीत जमा कर. सुडाचा तो तुकडा रात्री गाणं लावून रील होऊन फिरायला लागला तर तुझा सगळा शनिवार पाण्यात. आपल्याकडे कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघा म्हणून सांगायची वेळ आली होती, ती अशाच रील्समुळेही. पण फोन परत देताना दारात गर्दी होते. म्हणून चिठ्ठ्या लाव आणि दहा-दहा जणांना सोड. सगळे एकदम बाहेर नकोत. तू सर्वांत शेवटी नकोस.

चर्चेला 'आवडला का?' आणि 'काय शिकलात?' हे दोन प्रश्न विचारायचे नाहीत. पहिल्याला 'हो' येतं, दुसऱ्याला निबंध. आधी कागद-पेन्सिल दे आणि नाव न घालता एकच ओळ लिहायला सांग, की कुठल्या क्षणी डोळे दुसरीकडे वळवले. मग 'काय दिसलं' विचार, 'काय वाटलं' नंतर. ट्रे गाडीतून उतरतो ते नेमकं कुठे, गाडीत कोण कुठे बसलं होतं, कोण काय म्हणालं, हे आठवायला लाव. आठवता आठवता मुलं आपोआप त्याच्या जागी जाऊन बसतात. 'फट्टू' म्हणणाऱ्याला मत विचारू नकोस. उतरल्यावर ट्रे घरी कसा गेला असेल, एवढंच विचार. आणि कुणी उठून गेलं तर अडवू नकोस. ज्याच्या घरात असं घडलंय त्याला सिनेमात काय आहे ते आधीच कानावर घाल.

जोडीला 'मुळशी पॅटर्न'ही दाखवायचा म्हणत होतास. नको, एका दिवशी एकच. तो आपल्या भाषेत आहे, जमिनी कशा गेल्या आणि मग पोरं कशी गेली हे त्यात आपल्या गावाचं आहे, म्हणून तो अवघड जास्त आहे. परक्या शहरातल्या पोराबद्दल मुलं मोकळं बोलतात. आपल्याबद्दल नंतर.

एका दृश्याबद्दल तू कधीच बोलत नाहीस. ट्रे खिडकीतून निसटून गाडीत गेलाय, आणि घरी त्याचा बाप हातात लोखंडी गोळे फिरवत बसलाय. बोलत नाही, उठत नाही, नुसते गोळे फिरतात. मुलगा परत येतो तेव्हाही एक शब्द बोलत नाही, बघतो आणि दार लावून घेतो. मुलं या दृश्याला चुळबुळतात. आया मात्र घरी जाताना तेवढंच बोलतात. आयांनाही बोलाव शनिवारी.

प्रसादचं नाव काढणार नव्हते. तो गेला तेव्हा तू पाचवीत होतास, तुला सायकलवरून मीनामावशीकडे नेऊन ठेवलं होतं, एवढंच तुला आठवत असेल. तू तिथे दोन दिवस जेवला नाहीस आणि तिसऱ्या दिवशी विचारलंस, 'मी गेलो असतो बरोबर तर?' त्या वयातही तुला मधे पडायचंच होतं. मधे पडू नकोस रे. आवाज चढला तर हातवारे करत दोघांच्या मधे उभं राहायचं नाही. लाइट लावायचे, दोन्ही दारं उघडायची, मोठ्या माणसांना पुढे करायचं. तू वयाने त्यांच्यातलाच दिसतोस, तुझ्या सांगण्याला वजन नसतं, धक्का मात्र तुलाच आधी लागतो.

बघ, सुरू झालं माझं. 'वस्ती म्हटलं की तुला कोयताच दिसतो' असं तू म्हणशील. तसं नाही. तुझ्या अभ्यासिकेतली ती मुलगी, बारावीला गणितात पहिली आलेली, तिला मी सोसायटीतल्या सगळ्यांना दाखवलंय, फोटो काढून. 'आमच्या मल्हारची विद्यार्थिनी' म्हणते, तू कितीही चिडलास तरी. बाबा तर वाण्याच्या दुकानातही सांगतात. तुझ्या जागी दुसऱ्या कुणाचा मुलगा हे करत असता तर मी त्याच्या आईला म्हटलं असतं, अहो, करू द्या. जास्त बोलले असेन तर माफ कर.

किल्लीचं मात्र ठरवून कळव. कुणाबरोबर परत देणार ते नावानिशी. 'बघू' हे उत्तर नको.

पडद्याच्या कापडाला मधे जोड नको, चेहऱ्यावरून रेघ जाते. बाबा गुरुवारी रविवार पेठेत जाणार आहेत, जाड पांढरं मांजरपाट आणतील. रुंदीला पन्हा पुरला नाही तर काय करायचं हे त्यांना दुकानातच ठरवावं लागेल, म्हणून माप बुधवारपर्यंत पाठव, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त धरून.

तुझी,
आई